एक छोटासा ब्रेक
ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रिटायर झाली. पण घरची पद्मिनी जपणाऱ्यांची वारी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्या गल्ल्यांत चालूच आहे. मापासाठी जुना ब्रेकपाइप घेऊन मीही गेले. मिस्त्रींनी तो उजेडात धरला. बाहेर खाऱ्या हवेचा गंज, आत ब्रेक ऑइलने ओढून घेतलेल्या ओलाव्याचा. ‘‘जोरात पेडल दाबलं की इथेच फुटणार. घाटात फुटला तर?’’

फंडा सिंपल आहे. एक पाइप सडला, तर बाकीचेही त्याच वयाचे! सगळे पाइप आणि रबरी होज एकदमच बदला, नवं ऑइल भरा, सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढा. पेडल कडक लागलं, की मगच खंडाळा!