वाटेचा धनी

पोलादपुराहून तीन वाटा फुटतात. एक महाडावरून मुंबईस, दुसरी कशेडी घाटानें खेडाकडे व पुढें गोव्यास, आणि तिसरी आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास. कोणत्या वाटेनें जावें हें प्रवासी ठरवितो, असें आज वाटतें. पूर्वीं तसें नव्हतें. पारघाटाची वाट जावळीच्या मोऱ्यांच्या हातीं होती. १६५६ मध्यें जावळी घेतल्यावर शिवाजी महाराजांनीं तिच्यावर नजर ठेवण्यास प्रतापगड बांधविला. जवळची वाट कोणती, हा एक प्रश्न. तिचा धनी कोणास सोडतो, हा निराळा.

आमचे विद्यार्थी विचारतात, येथून महाडास धाडिलेला संदेश सरळ महाडासच जातो ना? जाईलच असें नाहीं, असें आम्हांस सांगावें लागतें. इंटरनेट म्हणजे ७०,००० हून अधिक स्वतंत्र जाळ्यांचा शेजार आहे. अमुक पत्ते माझ्यामार्फत गांठतां येतात, असें प्रत्येक जाळें शेजाऱ्यांस कळवितें. या बोलण्याच्या रीतीस बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल म्हणतात. ऐकणारा मात्र आपल्या धोरणानें निवड करितो. बहुधा पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट प्रथम, फुकट देवघेव करणाऱ्या बरोबरीच्या शेजाऱ्याची नंतर, आणि जिला स्वतः पैसे मोजावे लागतात ती शेवटीं. मैल कोणी मोजीतच नाहीं! पालकांनीं हा व्यापाऱ्याचा हिशेब ओळखिलाच असेल. त्यामुळें देशांतलाच संदेश परदेशीं जाऊन परत येई. तें टाळण्यास २००३ मध्यें नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली.

हा सारा व्यवहार विश्वासाचा. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तान टेलिकॉमनें आपल्या देशापुरतें यूट्यूब बंद करण्यास एक खोटी वाट जाहीर केली. ती बाहेर फुटली. अधिक नेमका पत्ता सांगणारी वाट आधीं घ्यावी, असा नियम असल्यानें जगांतील पुष्कळ जाळ्यांनीं ती खरी मानिली, आणि सुमारें दोन तास यूट्यूब अनेकांस दिसेनासें झालें. आतां सहीचा दाखला तपासून वाट स्वीकारण्याची रीत पसरत आहे.

खोट्या बातमीहून आम्हांस अधिक भय वाटतें तें न पोहोंचलेल्या बातमीचें. म्हणून जाळीं एकमेकांस वरचेवर 'मी आहें' असें कळवितात. ठरीव मुदत, बहुधा ९० सेकंद, शेजारी मुका राहिला, कीं त्याच्या वाटा रद्द करून संदेश दुसरीकडे वळवितात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडाजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, आणि रस्ता तसाच खुला राहिला. दोन एस. टी. गाड्या त्याच रस्त्यानें गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्यें सुरू झाला.