खुणा जुळेपर्यंत

मिस्त्रीने लिहून दिलेल्या यादीत टाइमिंग बेल्ट सगळ्यात वर होता, आणि त्याच्याखाली टेन्शनर, वॉटर पंप, कॅमचं सील, क्रँकचं सील, फॅन बेल्ट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कूलंट. गाडी तर धड चालत होती. पंप गळत नव्हता, इंजिन तापत नव्हतं. न बिघडलेल्या एवढ्या वस्तू कशासाठी बदलायच्या, ते मला उमजेना. विचारल्यावर उत्तर मिळालं, "दीदी, पट्टा खोलेंगे तो पंप भी बदल लो. मजूरी एक ही है." हे उत्तर किती नेमकं होतं ते इंजिन उघडल्यावर कळलं.

गाडी बाबांची, २००४ सालची मारुती ८००. नोंदणीची पंधरा वर्षं संपल्यावर आरटीओत दाखवून मुदत वाढवून घेतलेली. तिचं चालणं थोडं, तेही रायपुरातच: तात्यापाऱ्यातलं घर, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ, कधी स्टेशन. आता मला ती नागपूरला मावशीकडे न्यायची होती. टाटीबंधवरून निघालं की दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा मुंबई-कोलकाता महामार्ग. लांबचा पल्ला म्हणून गाडी तपासायला नेली, तर पहिला प्रश्न आला, बेल्ट शेवटचा कधी बदलला? घरात कोणालाच सांगता येईना. बाबांना इंजिनात असा काही पट्टा असतो हेच ठाऊक नव्हतं, आणि त्यात नवल नाही. त्यांनी आधी वर्षानुवर्षं चालवली ती ॲम्बॅसॅडर, आणि तिच्या इंजिनात या कामाला लोखंडी साखळी होती. मोटारीच्या इंजिनात दात्यांचा रबरी पट्टा प्रथम मोठ्या प्रमाणावर आणला तो १९६२ च्या सुमारास, जर्मनीच्या ग्लास कंपनीने. आपल्याकडे तो घराघरांत पोचवला तो मारुती ८०० ने.

पट्ट्याचं काम काय, ते मिस्त्रीने कव्हर काढून दाखवलं. खाली क्रँकची छोटी दातेरी पुली, वर कॅमची मोठी. क्रँक पिस्टनला वरखाली करतो, कॅम वॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, म्हणून वरच्या पुलीला खालच्याच्या दुप्पट दाते. भजनात मृदंगाच्या दोन आवर्तनांना टाळाचं एक आवर्तन धरावं आणि दोघांनी समेवर एकत्र यावं, तसं हे चालतं. पट्टा तुटला की वॉल्व्ह जिथल्या तिथे थांबतात, गाडी जागेवर उभी. काही इंजिनांत तर उघडा राहिलेला वॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि थोड्या पैशांचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं.

माझा गोंधळ सगळ्यात जास्त झाला तो इथे. गाडी एवढी कमी चालली आहे, मग पट्टा झिजेल कसा? पण पट्टा फक्त किलोमीटरांनी म्हातारा होत नाही, वर्षांनीही होतो. आत काचतंतूंच्या दोऱ्या आणि वर रबर. उष्णतेने रबर कडक होतं, दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. रायपूरचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास, त्यात बॉनेटखालची धग वेगळी. शिवाय उरला-सिलतराकडच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ. आमच्या पट्ट्याच्या कव्हराच्या आतसुद्धा ती बसलेली होती. बाहेर काढलेला पट्टा उलटा वाकवून मिस्त्रीने माझ्यापुढे धरला. सरळ धरला तेव्हा तो मला चांगला दिसला होता. वाकवल्यावर चिरा उघडल्या. एका कडेला तेलाचा ओलावाही होता, कारण कॅमचं सील पाझरू लागलं होतं. तेल लागलेलं रबर फुगतं आणि नरम पडतं. म्हणजे जुनं सील तसंच ठेवून नवा पट्टा चढवला असता तर त्यावरही तेच तेल आलं असतं. यादीतली एक ओळ तिथे मला पटली.

बाकीच्या ओळीही पटत गेल्या. वॉटर पंप फिरतो बाहेरच्या फॅन बेल्टवर, पण तो बसवलेला असतो टाइमिंग बेल्टच्या मागे. उद्या पंप गळला तर पुन्हा चाक, पुली, कव्हर, पट्टा, सगळं उतरवायचं. (या गाडीतला रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तरी अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याला सगळे फॅन बेल्टच म्हणतात, दुकानातही तसंच मागावं लागतं.) पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग बोटाने फिरवलं तर खरखर ऐकू आली. त्या बेअरिंगने दगा दिला तर पट्टा नवा असूनही उपयोग नाही.

पार्ट्स आणायला मी मौदहापाऱ्यात के. के. रोडला गेले. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचा माल सहज मिळतो. मिस्त्रीने बजावलं होतं, पट्टा घडी घालून आणायचा नाही, करकचून वाकवायचाही नाही, आतले तंतू तुटतात. होलोग्राम पाहून, बिल घेऊन आणायचा. या एका वस्तूत नकली मालाची बचत कोणीही करू नये असं मला आता कळकळीने वाटतं.

क्रँकचं सील बदलायला क्रँकच्या टोकाचा बोल्ट सोडवावा लागला. त्यासाठी गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून धरायचं काम माझ्याकडे आलं. पान्याला लांब पाइप लावून दोघांनी जोर केला तेव्हा बोल्ट कुरकुरत सुटला. नंतरचं काम मात्र जोराचं नव्हतं, नजरेचं होतं. कॅमच्या पुलीवर एक खूण, तिच्यासमोर मागच्या कव्हरवर दुसरी. क्रँकच्या पुलीवर टिंब, त्याच्यासमोर ऑइल पंपाच्या अंगावर बाण. चारही जागच्या जागी असताना पट्टा चढवायचा. प्लग काढलेले होते, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. वरचं कव्हर उघडून कॅम आणि वॉल्व्ह यांच्यामधले टॅपेटही ढिले केले, तेव्हा मी पुरती चक्रावले. पट्ट्याचा टॅपेटशी काय संबंध? संबंध असा, की वॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत राहिल्या तर पट्ट्याचा ताण खोटा लागतो. कॅम मोकळा असला की टेन्शनरची स्प्रिंग हवा तेवढाच ताण देते.

पट्टा चढवल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवला. कॅमची खूण एका दात्याने सरकलेली दिसली. मिस्त्रीने एक शब्द न बोलता पट्टा उतरवला आणि पुन्हा बसवला. एक दाता चुकला तरी गाडी सुरू होते, पण ओढ राहत नाही, इंजिन थरथरतं, आणि गिऱ्हाईक पुढे कार्बन, प्लग, पेट्रोल यांना दोष देत फिरतं. दुसऱ्यांदा दोन फेऱ्यांनंतर चारही खुणा समोरासमोर आल्या. मग टेन्शनर घट्ट केला, फीलर गेजने टॅपेट सेट केले, नवं पॅकिंग, नवं कूलंट, रेडिएटरमधली हवा निघेपर्यंत इंजिन चालू.

पट्ट्याची तारीख आणि मीटरवरचा आकडा मी आरसीच्या पाकिटात लिहून ठेवला आहे. मिस्त्रीने दोन गोष्टी सांगितल्या आहेत: काही दिवस सकाळी थंड इंजिनात कूलंटची पातळी बघायची, आणि पुढून शिट्टीसारखा आवाज आला तर पट्टा जास्त ताणलेला आहे असं समजून लगेच परत यायचं. पातळी अजून हललेली नाही, आवाजही नाही. नागपूरच्या आधी एकदा राजनांदगावपर्यंत जाऊन येणार आहे.