सागवानाची छोटी गाडी : बिलीमोरा ते वघई

उमरग्यास रेल्वे नाही. लोहमार्ग गाठायचा तर सोलापूर अथवा लातूर. आमच्या पिढीने लातूर-कुर्डुवाडी मार्गावरची बार्शी लाइट रेल्वे पाहिली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीस आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि आपल्या भागातील शेतमाल तिने दूरच्या पेठांत नेला. आता तेथे ब्रॉडगेज आहे. तेवढ्याच रुंदीच्या रुळांवर अद्याप धावणारी गाडी पाहावी, म्हणून सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयता गुजरातमधील बिलीमोऱ्यास गेलो. या गाडीचा मुख्य माल धान्य नव्हता. तो होता डांगच्या अरण्यातील सागवान.

सह्याद्रीच्या उत्तर टोकाला, नाशिक जिल्ह्याला लागून डांग आहे. मलबारचा साग तुटत चालला, तेव्हा जहाजबांधणीसाठी इंग्रजांची दृष्टी इकडे वळली. १८४२ च्या सुमारास त्यांनी येथील भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. पुढे आगगाड्या आल्या आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी देशभर वाढली. १८६४ मध्ये स्वतंत्र वनखाते स्थापन होण्यामागे हे एक मोठे कारण होते.

डांगच्या पायथ्याशी बडोदे संस्थानचा मुलूख होता. छोट्या रेल्वेचा अनुभव संस्थानास जुनाच. डभोईचा अडीच फुटी मार्ग १८६२ मध्ये बैल जुंपून सुरू झाला होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, बिलीमोऱ्याहून जंगलाकडे गाडी धावू लागली. पुढे वघईच्या वखारीतले ओंडके डब्यांत भरून ६३ किलोमीटरवरील बिलीमोऱ्यास येत व तेथून मुख्य मार्गाने मुंबईकडे जात.

आज या अंतरास सुमारे तीन तास लागतात. गणदेवी, चिखलीपर्यंत उसाची शेते व आमराया. उनाईला गरम पाण्याचे कुंड. त्यानंतर चढ आणि दोन्ही बाजूंस साग. डब्यात भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया होत्या, शाळकरी मुले होती. त्यांच्या डांगी बोलीतले बरेच शब्द आपल्या मराठीचेच वाटले.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझे मन हिशेबाकडे वळले. तुळईजोगा साग व्हायला साठ-ऐंशी वर्षे लागतात. जेवढे वाढते तेवढेच तोडले तर ते व्याज. त्याहून अधिक तोडले तर मुद्दलाला हात. जंगलाची विक्री मात्र सगळीच उत्पन्नाच्या बाजूस मांडली गेली. ज्यांचे ते अरण्य होते, त्या पाच राजांच्या वंशजांना आजही होळीपूर्वी आहव्याच्या डांग दरबारात सालियाना दिला जातो. सामान्य भिल्ल-कोकणी कुटुंबाच्या वाट्याला मात्र राखीव जंगलाची बंधने आली.

आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांत कोळसा पाडणे हे अंगारकर्म आणि जंगलतोडीचा धंदा हे वनकर्म येते. आपल्या पूर्वजांच्या माळवदाच्या घरांतही सागाच्या तुळया होत्या. म्हणजे लाकूड कोणालाच सुटलेले नाही. परंतु जीवांचा निवारा उखडून होणाऱ्या नफ्यास मर्यादा हवी, हे त्या नियमाने व्यापाऱ्यालाच बजावले आहे.

लाकूडवाहतूक थांबली, गाडी प्रवाशांची झाली आणि वह्यांत तोट्याची ठरली. २०२० मध्ये ती बंद पडली. कायमची बंद करण्याचीही चर्चा झाली. लोकांच्या मागणीनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. जंगल बाहेर नेताना जी फायद्याची होती, ती जंगलातल्या माणसांना बाजारापर्यंत आणू लागली तेव्हा तोट्याची म्हणवली गेली. असा ताळेबंद तपासताना मी तरी त्यावर शेरा मारला असता.

पावसाळा सरताना जावे. वघईजवळ अंबिका नदीवरचा गिरा धबधबा तेव्हा भरलेला असतो. सकाळच्या गाडीने निघाल्यास मुक्कामी पोहोचून सूर्यास्तापूर्वी भोजन सहज होते. शिदोरी मात्र सोबत असावी, आणि शेजारी बसलेल्यांनाही त्यातले द्यावे.