घराच्या आधी येणारा

घर बांधायला निघालेल्या माणसाच्या हातात सगळ्यांत आधी पडतो तो हा कागद. वीट, रेती, मिस्त्री हे सगळे त्याच्यामागून येतात. नगर परिषदेतून सही-शिक्क्यानिशी बाहेर पडतो, नकाशाच्या निळसर घडीला चिकटून फाईलमध्ये बसतो आणि मालकाच्या काखेतून घरी येतो. सरकारदरबारी त्याचं नाव प्रारंभ प्रमाणपत्र. यवतमाळात त्याला सगळे नुसतं 'परवानगी' म्हणतात. 'परवानगी आली का?' एवढं विचारलं की पुढचं समजतं.

स्वभावानं अगदी मितभाषी. मालकाचं नाव, मौजा, खसरा आणि प्लॉटचा नंबर, राहण्यासाठी की दुकानासाठी, किती मजले, किती चौरस मीटर, नकाशा कोणत्या अभियंत्याचा, तारीख. बस्स. कर्ज मंजूर झालंय का, पोरीचं लग्न आधी उरकायचंय का, यातलं तो काही सांगत नाही. मात्र आमच्यासारख्या सिमेंट-लोखंडाच्या दुकानात वाढलेल्याला त्याचे हे मोजके शब्दच पुष्कळ होतात. 93 चौरस मीटर म्हणजे हजार चौरस फूट. हजार फुटांना साधारण चारशे बॅगा सिमेंट आणि साडेतीन-चार टन सळई. हा हिशेब माझ्या वडिलांना तोंडपाठ होता आणि पहिल्या अंदाजाला तो अजूनही चालतो.

आकड्याहून जास्त बोलतो तो मौजा. यवतमाळची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवून चालत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. दोन परवानग्यांवर क्षेत्रफळ एकच असतं, तरी एकीचा पाया चार फुटांत आटोपतो आणि दुसरीचा खोल जाऊन सळई-गिट्टी गिळत राहतो. कागदाला हे ठाऊक नसतं. ज्यानं त्या भागात वीस वर्षं गाडी रिकामी केली आहे, त्या दुकानदाराला ठाऊक असतं. नुसती परवानग्यांची यादी बाळगणारा आणि जमीन ओळखणारा यांच्यातला फरक इथे दिसतो.

या कागदाला वयही असतं. एक वर्षाची मुदत, आणि दरवर्षी वाढवत नेली तर एकूण चार वर्षं. आमच्या जिल्ह्यात या चार वर्षांचा उपयोग करावा लागतो, कारण इथला पैसा कपाशीच्या बोंडातून निघतो. परवानगी ऑगस्टमध्ये हातात आली तरी खोदकाम बहुधा दिवाळीनंतर, कापूस विकला गेला की. बोंडअळीनं पीक खाल्लं की कागद पुन्हा एक वर्ष कपाटात. ऑगस्टमधली तारीख बघून त्याच आठवड्यात फोन करणाऱ्या विक्रेत्याला 'पाहू' एवढंच उत्तर मिळतं आणि जानेवारीत तो दुसऱ्या कुणाच्या तरी मागे असतो.

म्हणून मला वाटतं, या कागदाकडून 'कोण' यापेक्षा 'केव्हा' जाणून घ्यावं. सिमेंट टिकाऊ माल नाही. तीन महिने पडलं, त्यात पावसाची ओल लागली, की त्याची ताकद उतरते. झरी जामणीतल्या मुकुटबनला 2022 पासून सिमेंट तयार होतंय. कारखाना जिल्ह्यातच आला, तरी गोदामात शिळी झालेली बॅग शिळीच. कोणाचा स्लॅब कोणत्या पंधरवड्यात पडणार, हे ज्याला आधी उमगतं तो ताजा माल देऊ शकतो. त्यात घर बांधणाऱ्याचंही भलं आहे.

या कागदाचे दूरदेशीचे भाऊबंद मात्र बोलके. शिकागो शहरानं 2006 पासूनच्या बांधकाम परवानग्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, कामाचा अंदाजे खर्च आणि ठेकेदाराच्या नावासह. तिकडच्या पुरवठादारांना त्यातून गिऱ्हाईक शोधता येतं. आपल्याकडे त्याची उघड भेट होते ती प्लॉटवरच्या फलकावर. परवानगीचा नंबर, तारीख, क्षेत्र तिथे लिहायचं, असा नियमच आहे. ऊन-पावसानं पुसट झालेला तो पत्रा मी आजही गाडी थांबवून वाचतो.

पण या कागदाला सगळी घरं दिसत नाहीत. डिसेंबर 2020 मध्ये बांधकामासाठी राज्याची एकत्रिकृत नियमावली आली आणि 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नकाशासह सूचना देऊन, शुल्क भरून काम सुरू करता येऊ लागलं. लहान माणसाचे हेलपाटे वाचले, याचा मला मनापासून आनंद आहे. खेड्यात तर परवानगीचं काम सरकारी घरकुलाची यादी करते. ग्रामसभेत नावं वाचली जातात तेव्हा गावातला सिमेंटवाला मागे उभा राहून ऐकत असतो. 25 चौरस मीटरचं घर, शंभरेक बॅगा, 1 लाख 20 हजारांचं मूळ अनुदान आणि तेही हप्त्याहप्त्यानं. राज्याच्या 2025 च्या रेती धोरणानं घरकुलाला पाच ब्रासपर्यंत रेती मोफत ठरवली, तिची वाहतूक मात्र घरमालकाच्याच अंगावर. या घराला पंचवीस-पंचवीस बॅगा, हप्ता पडेल तसा, पोहोचवणारा दुकानदार लागतो. मोठ्या परवानग्यांच्या मागे धावणाऱ्यांना हे गिऱ्हाईक दिसतच नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

एक गोष्ट आमच्याच घरची. मामांच्या घराची परवानगी आली त्याच संध्याकाळी टाइल्सवाल्याचा, खिडक्यावाल्याचा, फर्निचरवाल्याचा असे फोन सुरू झाले. मामी घाबरल्या, आपला नंबर यांना दिला कुणी? ते शेवटपर्यंत कळलं नाही. कागदावर तर नंबर नव्हताच, तो अर्जात होता. फलकावरचं रस्त्याचं आहे, ते कुणीही वाचावं. अर्जातला मोबाइल नंबर त्या घराचा आहे, तो कोणी विकू नये आणि कोणी विकतही घेऊ नये. बिचारा कागद कुणाची चुगली करत नाही, पण बदनाम तोच होतो.

वडील फलक वाचून झाल्यावर कधी भावाचं पत्रक पुढे करत नसत. चप्पल काढून ठेवत, खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसत आणि आत वाकून बघत.

"मुरूम किती फुटावर लागला, भाऊ?"

"सात फूट गेलो काका, अजून काळीच हाये."

मग वडील खिशातून पेन्सिल काढत आणि त्याच्या फाईलच्या पुठ्ठ्यावर पायाच्या सळईचा हिशेब नव्यानं मांडायला घेत.