परतीची व्यवस्था

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सोयाबीन निघून रान मोकळे झाले होते, बांधापलीकडे तूर शेंगांवर आली होती आणि हळदीची पाने पिवळी पडू लागली होती. वसमतजवळच्या आमच्या शेतात त्या रविवारी घरची सारी मंडळी जमली होती. कारण माझा आठवीत शिकणारा मुलगा तेथे पाण्याचे रॉकेट उडवणार होता. पिढ्यान्‌पिढ्या आडतीत गेलेल्या आमच्या घरात हा छंद नवाच. शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार, हे शाळेत ऐकल्यापासून त्याला आकाशाचे वेड लागले होते.

ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शीतपेयाची दोन लिटरची बाटली एक तृतीयांश पाण्याने भरायची, उलटी उभी करायची, बुचातून सायकलच्या पंपाने आत हवा भरायची आणि लांबून दोरी ओढून तिला मोकळे करायचे. दाबलेली हवा पाण्याला खाली रेटते आणि बाटली वर झेपावते. यात दारू नाही, आग नाही. आमच्या घरी दिवाळीतही फटाके आणत नाहीत, त्यामुळे मला हा छंद पसंत पडला.

वर जाणे त्या मानाने सोपे. कसोटी परतीच्या वाटेची. बाटलीच्या डोक्यावर दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग टोपीसारखा बसवतात आणि त्यात पॅराशूटची घडी ठेवतात. रॉकेट शिखरावर पोहोचून कलले की टोपी स्वतःच्या वजनाने गळून पडावी आणि छत्री उघडावी, अशी योजना. टोपी फार सैल असेल तर रॉकेट वेगात असतानाच ती निघते व दोऱ्या तुटतात. फार घट्ट असेल तर ती निघतच नाही.

त्या दिवशी ती निघाली नाही. रॉकेट दिमाखात वर गेले, क्षणभर थबकले आणि तोंड खाली करून बाणासारखे आले. पन्नास मीटरवरून पडणारी वस्तू, हवेचा अडथळा सोडून हिशेब केला, तर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवर आदळते. आमचे रॉकेट बांधावरच्या बाभळीपासून दहा पावलांवर आदळले. त्या बाभळीला झोळी बांधलेली होती, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तुरीतून एक बाई धावत आली. तिने आधी झोळीत डोकावून पाहिले, मग माझ्याकडे. "शेटजी, लेकरू निजलंय हो इथं," एवढेच ती म्हणाली.

माझे हातपाय गार पडले. आणि भ्यालेला माणूस करतो तेच मी केले. सगळ्यांदेखत मुलावर खेकसलो, "घडी नीट घातली नसशील!" तो काही बोलला नाही. विखुरलेले तुकडे त्याने एकेक करून पोत्यात भरले.

रात्री दुकान बंद करून घरी आलो, तेव्हा त्याने ते सारे ओसरीवर वर्तमानपत्रावर मांडले होते. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, बसले होते. त्यांनी नातवाला जुनी कोरी वही दिली होती आणि तो तीत नोंदी करीत होता. टोपी अंगावर होती की वेगळी पडली? छत्री आत होती की बाहेर? बाहेर असेल तर उघडली की गुंडाळीच राहिली? दोऱ्या शाबूत होत्या की तुटल्या? प्रत्येक उत्तर दोषाचे निराळे ठिकाण दाखवते. छत्री बाहेर येऊनही मिटलेली असेल तर दोष घडीत किंवा गुंतलेल्या दोऱ्यांत. दोरी तुटली असेल तर गाठीत किंवा जोडात. आमची छत्री मात्र आतच होती, त्याने घातली होती तशीच, घडीसुद्धा न विसकटलेली. टोपी अंगावर घट्ट होती. तिच्याभोवती खोकी बंद करायच्या खाकी चिकटपट्टीचा एक वेढा होता.

"ही मी लावली नव्हती," तो म्हणाला.

ती मी लावली होती. उड्डाणापूर्वी टोपी डुगडुगताना दिसली, पाहुणे मोबाइल सरसावून उभे होते, तो दोरी तपासायला गेला होता. शोभा होऊ नये म्हणून मी पट्टी गुंडाळली आणि विसरलो. ते डुगडुगणे त्याने मुद्दाम ठेवले होते.

अण्णा शांतपणे म्हणाले, "रोजमेळात दहा रुपये कमी आले, तर मी तुला खिशातून भरू देत होतो का?" कधीच नाही. रात्रीचे बारा वाजले तरी चूक सापडेपर्यंत आम्ही किर्द चाळत असू. फरक खिशातून भरला की मेळ जुळतो, चूक वहीतच राहते. क्षमावाणीला तेव्हा नऊ महिने होते. एवढी उधारी ठेवणे मला बरे वाटले नाही. मी त्याच वेळी मुलाची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी जाऊन तिचीही.

मोठ्यांच्या हातूनही असेच घडते. सूर्यवाऱ्याचे कण घेऊन परतणारे अमेरिकेचे जेनेसिस यान ८ सप्टेंबर २००४ रोजी युटाच्या वाळवंटात ताशी सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने आदळले. वेगातला बदल ओळखून छत्री उघडवणारे त्यातले कळीचे भाग उलटे बसवले गेले होते. तरीही शास्त्रज्ञांनी तुकडे वेचले, कारण शोधले आणि त्या तुकड्यांतूनही उपयोगी नमुने मिळवले. आपल्या गगनयानाच्या २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत माणसे बसायच्या कुपीला दहा छत्र्या होत्या. मुख्य छत्र्या तीन. त्यांपैकी दोन उघडल्या तरी कुपी सुखरूप उतरावी, अशी त्यांची रचना. जिथे जीव आहेत तिथे एका गोष्टीवर विसंबायचे नसते.

पुढचे तीन आठवडे आमच्या गच्चीवर तपासण्या चालल्या. पहिली तपासणी टोपीची: रॉकेट उलटे धरून हलकेच हलवले की ती आपोआप पडली पाहिजे. दुसरी छत्रीची: दुकानातले दोनशे ग्रॅमचे लोखंडी माप बांधून, खाली अण्णांना उभे करून, रस्ता मोकळा असल्याची खात्री पटल्यावरच ती सोडायची. पहिल्या दहा वेळांत चार वेळा ती मिटलेलीच राहिली. कारण एका वेळी एकच बदलायचे, हा वहीतला नियम. आधी दोऱ्यांची लांबी सारखी केली; दोनदा चुकली. मग प्लास्टिकच्या घड्या एकमेकींना चिकटतात असे दिसले, म्हणून टाल्कम पावडर लावली आणि घडी आदल्या रात्री न घालता आयत्या वेळी घातली. दहाच्या दहा वेळा उघडली.

माघात आम्ही पुन्हा शेतात गेलो. या वेळी पाहुणे नव्हते. मुलगा आधी चारही बांध फिरून आला, बाभळीखाली स्वतः वाकून पाहून आला, आणि मगच त्याने पंप हाती घेतला. छत्री रॉकेटासाठी असते असे मी समजत होतो. ती खालच्यांसाठी असते, हे त्याने मला न सांगता शिकवले.

टोपी डुगडुगत होती. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.