मूळ रूपातील मोटारीविषयी

जालना

चि. बाळास,

तू विचारलेली ती 'सॅन स्टॉर्म' मोटार मी मोंढ्याजवळच्या वखारीत जाऊन सावकाश पाहिली, आणि तिच्या मालकांशी बोलून, कागदपत्रे डोळ्यांखालून घालून, निःशंक मनाने लिहितो की ती घ्यावीस. मात्र आहे तशीच राखण्याची तुझी सिद्धता असेल, तरच.

१९९८ साली, सँट्रो, मॅटिझ, इंडिका अशा कुटुंबोपयोगी गाड्या बाजारात उतरत असताना, गोव्याच्या भूमीवर केवळ दोघांनी बसावे अशी उघड्या टपाची मोटार घडविण्याचे धाडस कोणी करावे, याचे मला आजही अपार कौतुक वाटते. इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, साठेक अश्वशक्तीचे. अंगावर पत्र्याऐवजी फायबरचे कवच. ती फार वेगवान नव्हे, हे खरे. परंतु अशा मोटारीचा आनंद केवळ वेगाने मोजणाऱ्यांशी माझे कधी पटले नाही.

फायबरला गंज नाही, पण आतील पोलादी सांगाड्याला आहे, म्हणून गोणपाट अंथरून, विजेरी घेऊन मी गाडीखाली शिरलो. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेने जे सांधे एव्हाना खाऊन टाकले असते, ते आपल्याकडील कोरड्या हवेने धडधाकट राखले आहेत. मात्र मराठवाड्याच्या उन्हानेही आपली खूण ठेवली आहे: बॉनेटच्या रंगावर केसाएवढ्या बारीक भेगा पडल्या आहेत. त्या बुजवून नवा रंग चढविण्याचा सल्ला तुला दहा जण देतील. तो मानू नकोस. कारखान्यातला रंग एकदाच मिळतो. टपाचे कापड, दाराची कडी, मूळ आसने, सारे जागच्या जागी आहे. इंजिनाचे सुटे भाग परदेशातून मागविता येतील, कारण त्याच जातीचे इंजिन रेनोच्या क्लिओ व ट्विंगो गाड्यांत होते. अंगावरच्या वस्तू मात्र गेल्या की गेल्या. टायर, बॅटरी आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या तेवढ्या बदल; हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुने रबर टिकाव धरणार नाही.

दस्तऐवज चोख आहेत. एमएच-२१ ची नोंदणी १९९९ ची, नूतनीकरण २०१४, २०१९ व २०२४ चे, बोजा नाही, चासीवरील क्रमांक व पुस्तकातील मजकूर यांत तफावत नाही. बेळगावास नेण्यासाठी येथील परिवहन कचेरीचा ना-हरकत दाखला लागेल आणि कर्नाटकाचा कर भरावा लागेल, तो खर्च हिशेबात धर. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. हिची पन्नाशी २०४९ साली भरेल. तेव्हा तू साठीच्या घरात असशील, आणि तो मान तिला मिळावा की नाही, हे तू आता तिच्याशी कसा वागतोस यावर ठरेल.

मालक किमतीसाठी अडून बसणारे नाहीत. गाडी कोणाच्या हाती जाते, याची त्यांना अधिक फिकीर आहे, म्हणून सौदा पत्राने न करता स्वतः ये. येताना ती ट्रकवर चढवून नेण्याची तजवीज करूनच ये. एवढा लांबचा पल्ला जुन्या टायरांवर मारणे मला पसंत नाही.

तुझा,
मामा