रिमोटची शिकवणी

१९९५ ते २००५ या काळात ज्यांच्या दारात पहिली गाडी आली, त्यांच्या घरी किल्ल्यांच्या फळीवर एक जाडजूड काळा रिमोट हमखास लटकलेला असायचा. तो गाडीबरोबर आलेला नसायचा. मारुती ८०० काय, झेन काय, १९९८ साली आलेल्या सँट्रो-इंडिका काय, साध्या मॉडेलबरोबर नुसत्या किल्ल्या मिळायच्या. मागचं दार उघडायचं तर पुढच्यानं पाठीमागे हात घालून खुंटी वर ओढायची. मग कुणीतरी ओळखीतला अ‍ॅक्सेसरीवाला सुचवायचं आणि गाडी दिवसभर त्याच्या ताब्यात. दारांची पॅनेलं काढून आत मोटारी, बॉनेटखाली भोंगा, डॅशबोर्डच्या पोटात एक डबी. संध्याकाळी गाडी बोलायला शिकून परत यायची. बंद केली की एकदा टुक, उघडली की दोनदा.

त्या एका टुकवर घरातली किती कामं चालायची! खाली गाडी बंद झाल्याचा आवाज आला की आई तवा गॅसवर ठेवायची, टीव्हीसमोरची पोरं पुस्तकात डोकं घालायची. आईचा स्वतःचा मात्र रिमोटवर काडीचा विश्वास नव्हता. बाबांनी बटण दाबलं तरी ती चारही हँडल ओढून बघितल्याशिवाय जिना चढायची नाही. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की सोसायटीतल्या सगळ्या गाड्या एका सुरात बोंबलायच्या आणि गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून माणसं हात लांब करून आपापल्या गाडीला गप्प करायची. अलार्म कुठल्याही कंपनीचा असो, आमच्याकडे त्याला ‘ऑटोकॉप’च म्हणत.

बारा व्होल्टचा बारकासा २३ए सेल त्यात असायचा. संपला की मुलं तो सोलून आतली आठ बटणं मोजत. सेल नवा घालूनही रिमोट कधी कधी रुसायचा. घरातलं शेंडेफळ दिवसभर सोफ्यावर बसून बटण दाबत बसलेलं असायचं, आणि रुसण्यामागे खरंच तेच कारण असायचं. चांगल्या रिमोटमधून दर वेळी नवा सांकेतिक आकडा जातो. एकदा पकडलेला आकडा चोराला पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ही योजना. कीलॉक नावाची यातली गाजलेली पद्धत दक्षिण आफ्रिकेत जन्मली आणि १९९५ साली अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीनं विकत घेतली. गाडीतली डबी पुढचे सोळा आकडे बिनतक्रार मान्य करते. रिमोट त्याहून पुढे निघून गेला, तर लागोपाठ दोनदा दाबल्यावर तिची खात्री पटते. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण ‘दोनदा दाब गं’ हे त्यांना अनुभवानं कळलेलं होतं.

आता त्या गाड्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षं कधीच उलटली. काही पाच-पाच वर्षांची नवी नोंदणी करून अजून पळतात. इंजिन ठणठणीत असतं, थकतो तो रिमोट. रबराचं बटण फाटतं, त्यावर सेलोटेप चढते, मग टेपही दाद देत नाही. बहुतेक वेळा आतला हरभऱ्याच्या डाळीएवढा स्विच गेलेला असतो. डाख देता येणारा कुणीही तो बदलून देतो. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले स्विच मुठीनं मिळतात. म्हणून नवा रिमोट घेण्याआधी जुना उघडून बघावा, हे माझं ठाम मत.

नवा घ्यायचाच झाला, तर त्याची आणि डबीची जात जुळायला हवी. रंगरूप सारखं असून भागत नाही. मग शिकवणी. इग्निशन चालू करायचं, डॅशखाली दडवलेला ‘व्हॅले’ नावाचा स्विच ठरलेल्या वेळा दाबायचा, भोंग्यानं हुंकार दिला की नव्या रिमोटचं बटण दाबायचं. किती वेळा आणि कुठल्या क्रमानं, ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं.

मला या यंत्राचं कौतुक वाटतं ते इथे. फुटपाथवरचा किल्लीवाला कानशीनं डुप्लिकेट काढून द्यायचा, तेव्हा कुलपाची विद्या गल्लीत होती. आजच्या बहुतेक गाड्यांत किल्लीतली चिप ओळखल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही, आणि नवी चिप ओळखवायला कंपनीचा संगणक किंवा तसल्याच यंत्राचा जाणकार लागतो. चोरी अवघड झाली, हे खरंच. पण मधल्या काळातल्या त्या काळ्या डबीनं घरातल्या माणसाला मालक मानलं. तिला नवा रिमोट शिकवायला बाबा, एक टॉर्च आणि चुरगळलेलं माहितीपत्रक एवढं पुरायचं.

तुमच्याकडे अशी गाडी अजून असेल, तर एक रिमोट चालू आहे तोवरच दुसरा करून घ्या. अ‍ॅक्सेसरीवाल्याकडे जाताना घरातले सगळे रिमोट बरोबर न्या, कारण शिकवणी सुरू होताच काही डब्या जुन्यांची ओळख पुसून टाकतात. आणि तो व्हॅले स्विच नेमका कुठे आहे, हे बाबांना आत्ताच विचारून ठेवा.